केस पेपरवरील संक्षेप कसे वाचावेत: रुग्णाच्या नातेवाइकांसाठी

मेडिसिन वॉर्डात परिचारिका म्हणून काम करत असताना एका रात्री एका रुग्णाचा मुलगा फाईल हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ‘सिस्टर, बाबांच्या पेपरवर एसओएस लिहिलंय. गावाकडच्यांना बोलावून घेऊ का?’ मी ओळ पाहिली. ती अक्षरे पॅरासिटामॉलच्या गोळीपुढे होती आणि त्यांचा अर्थ एवढाच होता, की ताप आला किंवा दुखले तरच ही गोळी द्यायची. बुडणाऱ्या जहाजाच्या संदेशाशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. ‘गरज पडल्यास’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत.

त्या मुलाने अक्षरे वाचली होती, ओळ वाचली नव्हती. संक्षेपांच्या याद्या कितीही पाठ केल्या तरी ही चूक टळत नाही, कारण एकाच अक्षरजोडीचे दोन-दोन अर्थ असतात आणि कोणता घ्यायचा हे शेजारच्या शब्दांवरून ठरते. म्हणून पाठांतराऐवजी वाचण्याची रीत अंगवळणी पाडावी.

पहिली पायरी: ओळीचे चार भाग पाडा

औषधाची कोणतीही ओळ चार प्रश्नांची उत्तरे देते: काय, किती, कोणत्या वाटेने आणि केव्हा. ‘इंज. सेफ्ट्रियाक्सोन १ ग्रॅम आयव्ही बीडी’ ही ओळ घ्या. इंजेक्शन सेफ्ट्रियाक्सोन हे काय, १ ग्रॅम हे किती, आयव्ही म्हणजे शिरेतून ही वाट आणि बीडी म्हणजे दिवसातून दोनदा हे केव्हा. आरंभीचे ‘टॅब.’ म्हणजे गोळी, ‘कॅप.’ म्हणजे कॅप्सूल, ‘सिर.’ म्हणजे पातळ औषध आणि ‘नेब.’ म्हणजे मास्कमधून वाफेसारखे घ्यायचे औषध. चारांपैकी एखाद्या जरी प्रश्नाचे उत्तर ओळीत सापडले नाही, तर आपले वाचन कमी पडले असे समजून गप्प बसू नये. ओळ खरोखरच अपुरी असू शकते, तेव्हा विचारावे.

दुसरी पायरी: केव्हा द्यायचे ते पाहा

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा आणि क्यूआयडी म्हणजे चारदा. एचएस म्हणजे झोपताना, एसी म्हणजे जेवणापूर्वी, पीसी म्हणजे जेवणानंतर. ‘स्टॅट’ लिहिले असेल तर ते औषध आत्ता, लगेच आणि एकदाच द्यायचे असते. आपल्याकडे बरेच डॉक्टर ही अक्षरे टाळून १-०-१ असे लिहितात आणि ते अधिक सोपे आहे: सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक.

इथे दोन ठिकाणी थांबून नीट पाहावे लागते. पहिले ठिकाण डोळ्यांच्या विभागातले. तिथे ओडी म्हणजे दिवसातून एकदा नव्हे, तर उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा आणि ओयू म्हणजे दोन्ही डोळे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर थेंब दिवसातून अनेकदा घालावे लागतात, तेव्हा एखाद्याने ओडीचा नेहमीचा अर्थ घेतला तर रुग्णाला दिवसभरात एकच थेंब मिळेल. दुसरे ठिकाण टीडीएस आणि ‘दर आठ तासांनी’ यांतला फरक. टीडीएसची औषधे साधारणपणे सकाळ, दुपार, रात्र अशी जेवणाच्या वेळांना धरून दिली जातात, त्यामुळे रात्रीच्या आणि सकाळच्या डोसमध्ये मोठे अंतर पडते. दर आठ तासांनी म्हटले की सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा अशी घड्याळाला बांधलेली वेळ पाळावी लागते. काही प्रतिजैविकांची रक्तातली पातळी सारखी राहण्यासाठी हे अंतर राखणे आवश्यक असते, म्हणून परिचारिका आग्रहाने झोपेतून उठवते तेव्हा तिच्यावर रागावू नये.

औषध किती दिवस द्यायचे हे कधी कधी अपूर्णांकासारखे लिहिलेले दिसते. ५/७ म्हणजे पाच दिवस, २/५२ म्हणजे दोन आठवडे, ३/१२ म्हणजे तीन महिने. खालचा आकडा आठवड्याचे दिवस, वर्षाचे आठवडे आणि वर्षाचे महिने दाखवतो. या ५/७ ला पाच जुलै समजणारे नातेवाईक मी पाहिले आहेत आणि त्यात त्यांची चूक आहे असे मला वाटत नाही.

तिसरी पायरी: वाट ओळखा

पीओ म्हणजे तोंडाने, आयव्ही म्हणजे शिरेतून, आयएम म्हणजे स्नायूत आणि एससी म्हणजे कातडीखाली. इन्शुलिन घरी देतात ते याच वाटेने. आरटी म्हणजे राइल्स ट्यूब, अर्थात नाकातून जठरात जाणारी नळी. ‘आरटी फीड’ लिहिलेल्या रुग्णाला प्रेमापोटी चमच्याने पेज भरवू नये, कारण बहुधा गिळण्याची क्रिया सुरक्षित नसल्यामुळेच ती नळी घातलेली असते. कर्करोग विभागात मात्र याच आरटीचा अर्थ किरणोपचार असा होतो. एसएल म्हणजे जिभेखाली. छातीत दुखल्यावर सॉर्बिट्रेटसारखी गोळी एसएल लिहून दिली असेल, तर ती पाण्याबरोबर गिळायची नाही. जिभेखालच्या पातळ त्वचेतून औषध थेट रक्तात जाते, म्हणून तिचा परिणाम काही मिनिटांत दिसतो; गिळली तर तो वेळ हातचा जातो.

सलाईनच्या बाटल्यांची नावेही अशीच आखूड असतात. एनएस म्हणजे ०.९ टक्के मिठाचे पाणी, आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट हा क्षारांचा द्राव, तर डीएनएसमध्ये मिठाबरोबर ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर असते. रुग्णाला मधुमेह असेल आणि डीएनएस लागलेले दिसले, तर मधुमेहाची नोंद पेपरवर आहे ना एवढे जरूर विचारावे. पुष्कळदा ते जाणूनबुजूनच लावलेले असते. आणि सलाईनची चकती स्वतः फिरवून वेग वाढवू नये, ‘बाटली लवकर संपली की लवकर घरी’ हा हिशेब हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला फार महागात पडतो.

चौथी पायरी: आकडा आणि एकक दोनदा वाचा

माझ्या मते सर्वांत जास्त सावधगिरी इथे हवी. इन्शुलिनचे प्रमाण युनिटमध्ये असते आणि घाईत युनिटऐवजी नुसते इंग्रजी यू अक्षर लिहिले, की ते शून्यासारखे दिसू शकते. चार युनिटचे चाळीस व्हायला तेवढे पुरते. दशांश चिन्हाचेही तसेच आहे. ५.० मधला ठिपका पुसट असला तर ते ५० वाटते आणि शून्य न लिहिता नुसते .५ लिहिले तर ते ५ वाटते. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये ‘वापरू नका’ अशा संक्षेपांची यादी काढली, तीत हा यू आणि ही शून्ये होती. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये औषधाचे जेनेरिक, म्हणजे कंपनीचे नव्हे तर मूळ औषधाचे, नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहावे, असे नियमात घातले.

घरी इन्शुलिन देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहून घ्यावी. भारतात इन्शुलिनच्या कुप्या एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन शक्तींच्या मिळतात. ४० साठीच्या सिरिंजचे टोपण लाल असते आणि १०० साठीचे नारिंगी. १०० ची कुपी लाल टोपणाच्या सिरिंजने भरली, तर खुणेपर्यंत बरोबर भरूनही डोस अडीचपट जातो. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून जुळवावा, मगच सुई टोचावी.

पाचवी पायरी: एनबीएम अक्षरशः पाळा

खाटेवर ‘एनबीएम’ किंवा ‘एनपीओ’ अशी पाटी लागली, की तोंडाने काहीही द्यायचे नाही असा त्याचा अर्थ. भूल दिल्यावर घशाचे संरक्षण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते आणि जठरातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून हा निर्बंध असतो. नियोजित शस्त्रक्रियेत सामान्यतः हलके अन्न सहा तास आधी आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी थांबवतात; तुमच्या रुग्णाची नेमकी वेळ मात्र भूलतज्ज्ञच ठरवतात. आपल्याकडे घोटाळा होतो तो चहाचा. ‘काही खाल्लं का?’ असे विचारल्यावर नातेवाईक अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात आणि मग ‘नुसता अर्धा कप चहा घेतला’ असे शस्त्रक्रियागृहाच्या दारात कळते. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, दूध पोटात अन्नासारखेच रेंगाळते. असे झाले असेल तर लपवू नये. शस्त्रक्रिया पुढे गेली तरी चालेल, पण ही माहिती भूलतज्ज्ञांपर्यंत पोहोचलीच पाहिजे. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची रोजची गोळी एनबीएम असताना द्यायची की नाही, हेही आदल्या रात्रीच विचारून ठेवावे.

सहावी पायरी: तक्त्यांमध्ये स्वतःची मदत द्या

टीपीआर म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतो. एसपीओटू म्हणजे बोटाला चिमटा लावून मोजलेले ऑक्सिजनचे प्रमाण, एरवी ते ९५ च्या वर हवे, पण फुप्फुसांच्या जुनाट विकारात डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. म्हणून नळीचा ऑक्सिजन परस्पर वाढवू नये.

‘आय/ओ’ हा तक्ता मात्र नातेवाइकांशिवाय पूर्ण होतच नाही. यात चोवीस तासांत शरीरात किती द्रव गेले आणि किती बाहेर आले याचा हिशेब असतो. प्रौढ रुग्णाला तासाला वजनाच्या दर किलोमागे निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी अशी अपेक्षा असते, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाला तीस मिलिलिटर. ती कमी होऊ लागली, तर मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण अडचणीत असल्याची ती आरंभीची खूण ठरू शकते. आता रुग्णाने भांड्यात केलेली लघवी आपण न मोजता ओतून दिली, किंवा शहाळ्याचे पाणी पाजून सांगितले नाही, तर परिचारिकेचा तक्ता खोटा पडतो आणि सकाळच्या राऊंडला डॉक्टर त्याच खोट्या आकड्यावरून निर्णय घेतात. एक छोटी वही खाटेजवळ ठेवावी, घरच्या पेल्यात किती मिलिलिटर मावते ते एकदा मोजून घ्यावे आणि वेळ घालून प्रत्येक गोष्ट लिहावी.

सातवी पायरी: डॉक्टरांच्या नोंदीतल्या अक्षरांनी घाबरू नका

सी/ओ म्हणजे रुग्णाची तक्रार, के/सी/ओ म्हणजे आधीपासून असलेला आजार. त्यापुढे डीएम असेल तर मधुमेह, एचटीएन असेल तर उच्च रक्तदाब. सीएसटी म्हणजे चालू उपचार तसेच पुढे चालू. एनएडी म्हणजे तपासणीत काही वावगे आढळले नाही. पीआर म्हणजे नाडीचा वेग, पण तपासणीच्या किंवा औषधाच्या ओळीत त्याचा अर्थ गुदद्वारातून असाही होतो.

ज्या नोंदीने घरे हादरतात ती म्हणजे आर/ओ. तिच्यापुढे एखाद्या गंभीर आजाराचे नाव असते आणि नातेवाईक ते निदान समजून बसतात. खरे तर तिचा अर्थ नेमका उलट आहे: हा आजार नाही ना, याची खात्री करून घ्यायची आहे. तपासणीचा निकाल येईपर्यंत तो फक्त एक प्रश्न असतो. एमएलसी दिसले तरी रुग्णावर गुन्हा दाखल झाला असा अर्थ होत नाही. अपघात, भाजणे, विषबाधा अशा प्रसंगी पोलिसांना कळवण्याची ती कायदेशीर नोंद असते. डामा या शब्दाखाली मात्र विचार न करता सही करू नये, कारण वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध आपण रुग्णाला नेत आहोत, असे तुम्ही त्या सहीने लिहून देता.

आठवी पायरी: विचारा, पण वेळ पाहून

पाळी बदलताना हँडओव्हर चालू असतो तेव्हा आणि परिचारिका औषधे मोजत असते तेव्हा तिला थांबवू नये. त्याच क्षणी लक्ष विचलित झाले तर चूक होते. ट्रॉली फिरून झाली, की ‘सिस्टर, ही ओळ मला समजावून सांगाल का?’ असे खुशाल विचारावे. फाईल परस्पर उचलून नेण्यापेक्षा हे बरे. नोंदींच्या प्रती हव्या असतील तर लेखी मागणी करावी, वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे त्या ७२ तासांच्या आत मिळायला हव्यात.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांनाच घाई असते, बिल भरायचे असते, रिक्षा खाली उभी असते. तरीही डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची पिशवी घेऊन पाच मिनिटे खाटेवर बसावे. एकेक पाकीट हातात घेऊन ते कार्डावरच्या ओळीशी जुळवावे, ‘ही रात्री झोपताना, ही जेवणाआधी, ही पाच दिवसच’ असे परिचारिकेला आपल्या शब्दांत म्हणून दाखवावे आणि तिने होकार दिला की पाकिटावर पेनाने मराठीत लिहून टाकावे. एफ/यू या अक्षरांपुढे पुन्हा दाखवायला येण्याची तारीख असते, तीही तिथेच विचारून कॅलेंडरवर लिहिण्यासाठी टिपून घ्यावी.