वर्डप्रेसचा लॉगिन मेसेज बदलताय? या चुका टाळा

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या लॉगिन पानावर भलतंच नाव टाकलं, तर असं नाव इथे नोंदलेलंच नाही म्हणून ते सांगतं. नाव खरं आणि पासवर्ड खोटा असेल, तर या नावाचा पासवर्ड चुकलाय म्हणतं. हॅकरला घरबसल्या पोचपावती! हे कळलं की लोक व्हिडिओतून कोडच्या तीन ओळी उचलतात, डकवतात आणि हात झटकतात.

त्या ओळी 'लॉगिन_एरर्स' फिल्टर (वर्डप्रेसचा मजकूर दाखवण्याआधी बदलायची सोय) लावून प्रत्येक चुकीला एकच वाक्य देतात. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. एका संस्थेचे सभासद वैतागले होते: पासवर्ड बदलायची लिंक दाबली की 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा', आणि अजून काही टाइपच केलेलं नाही! ती लिंक एका दिवसात बाद होते. मुदत संपल्याची सूचना या कोडने गिळली होती, त्यामुळे लोक तीच शिळी मेल पुन्हा पुन्हा उघडत होते. कुकीज बंद असल्याची सूचनाही अशीच गडप होते.

बरं, एवढं करून गळती थांबते का? नाही. पासवर्ड चुकला तर वर्डप्रेस टाकलेलं नाव चौकटीत तसंच ठेवतं. नावच खोटं असेल तर चौकट रिकामी करतं. मेसेज काय वाचायचाय, चौकट बघितली की झालं.

मी त्या फिल्टरला हात लावत नाही. नाव-पासवर्ड तपासणाऱ्या 'ऑथेंटिकेट' फिल्टरवर 100 प्रायॉरिटीने, म्हणजे वर्डप्रेसची तपासणी झाल्यावर, 'इनव्हॅलिड_युजरनेम', 'इनव्हॅलिड_ईमेल' आणि 'इनकरेक्ट_पासवर्ड' एवढेच एरर-कोड पकडतो आणि त्यांच्या जागी स्वतःच्या एरर-कोडची एकच एरर परत देतो. चौकट दोन्ही वेळा रिकामी, बाकी सूचना शाबूत. नाव परत टाइप करावं लागतं म्हणून कुरकुर होते. होऊ दे.

हा कोड थीममध्ये टाकू नका, अपडेटला उडतो. छोटं प्लगइन (वेगळं जोडायचं पूरक) करा.

'पासवर्ड विसरलात?' पानही खरं-खोटं नाव सांगून टाकतं. ते विसरू नका.

नावं तशीही उघड करणारा लेखकाच्या पानाचा पत्ता आणि रेस्ट एपीआयची (इतर प्रोग्रॅमना साइटची माहिती देणाऱ्या सोयीची) युजर यादी उघडी ठेवून लॉगिन मेसेजवर रात्री जागवणाऱ्यांना मी काय सांगणार?

चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा आणि टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी खातरजमा) हवंच. मेसेज बदलला म्हणून त्यातून सुटका नाही.

तपासताना इन्कॉग्निटो विंडोत एकदा खरं नाव, एकदा खोटं आणि एकदा कालपरवाची रीसेट लिंक उघडून बघा. तिसरी चाचणी कुणीच करत नाही.