पायथनचे शेल वापरताना रिकाम्या ओळीकडे लक्ष द्या

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा संगणकावर बसवलेली आहे असे गृहीत धरतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, पायथनची आज्ञा द्या. त्याने शेल, म्हणजे लिहिलेली आज्ञा लगेच चालवून दाखवणारी सोय, उघडते. >>> ही खूण उमटली की शेल तयार आहे. बेरीज-गुणाकार लिहून एंटर दाबला की उत्तर लगेच मिळते आणि मागचे उत्तर पुन्हा हवे असल्यास केवळ अधोरेखेचे चिन्ह टाइप करावे.

खरी अडचण एकाहून अधिक ओळी लिहिताना येते. कारखान्याच्या काट्यावरील उसाच्या खेपांची वजने 'खेपा' नावाच्या यादीत भरा. हे नाव देवनागरीत लिहिलेले पायथनला चालते, अंक मात्र इंग्रजीच टाइप करावे लागतात. आता प्रत्येक वजन छापणारे 'फॉर' आवर्तन, म्हणजे यादीतील प्रत्येक घटकासाठी तीच आज्ञा पुन्हा चालवणारी रचना, लिहा. विसर्गासारखे कोलन देऊन एंटर दाबताच >>> च्या जागी तीन टिंबे येतात. याचा अर्थ शेल अडकले असा नसून ते पुढच्या ओळीची वाट पाहत आहे. तेथे चार स्पेस सोडून छापण्याची आज्ञा लिहा आणि त्यानंतर एक ओळ पूर्ण रिकामी सोडा. ही रिकामी ओळ म्हणजेच 'गट संपला, आता चालव' अशी सूचना होय.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुले मला सर्वाधिक याच पायरीवर अडलेली दिसतात, आणि 'फाइलमधला कोड उचला व शेलमध्ये चिकटवा' हा सर्रास दिला जाणारा सल्ला त्याला कारणीभूत आहे. फाइलमध्ये फंक्शनच्या (नाव दिलेल्या आज्ञांच्या गटाच्या) मधोमध सोडलेली रिकामी ओळ निरुपद्रवी असते. जुन्या शेलमध्ये मात्र तीच ओळ फंक्शन अर्ध्यावर तोडते आणि पुढच्या ओळीवर अनपेक्षित इंडेंटची (ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेची) चूक दिसते. उलट आवर्तनानंतर रिकामी ओळ न सोडता थेट डावीकडून नवी आज्ञा लिहिली, तर वाक्यरचनेची चूक येते. दोन्ही वेळा मुले कोडमध्ये दोष शोधत बसतात, वास्तविक कोड निर्दोष असतो. २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत एफ-३ कळ दाबून पेस्ट मोड, म्हणजे रिकाम्या ओळींसह कोड अखंड चिकटवण्याची सोय, सुरू करता येतो. चिकटवून झाल्यावर तीच कळ पुन्हा दाबावी. व्हॉट्सॲपवरून आलेला कोड मात्र कोणत्याही आवृत्तीत चिकटवू नये, कारण वाटेत त्यातील स्पेस व अवतरणचिन्हे बदललेली असू शकतात.

आपल्या सीमाभागात एकाच घरात मराठी आणि कन्नड कागद असतात, म्हणून एक प्रयोग अवश्य करावा. उताऱ्यावरील सर्व्हे नंबर देवनागरी किंवा कन्नड अंकांत, अवतरणचिन्हांत घालून, मजकुराची पूर्णांक संख्या करणाऱ्या 'इंट' या फंक्शनला द्या. दोन्ही लिप्यांतून तीच संख्या मिळते.

शेल बंद होताच त्यातील यादी आणि फंक्शने नाहीशी होतात. त्यामुळे पाच ओळींपेक्षा मोठे काम फाइलमध्येच लिहावे आणि आज्ञेत फाइलच्या नावाआधी वजा चिन्हाला जोडून इंग्रजी लहान 'आय' द्यावा. फाइल चालून झाल्यावर तिच्यातील सर्व नावांसह शेल उघडे राहते.