कूल, चिली, कोल्ड की फ्रीझिंग?

थंडीसाठी इंग्रजी शब्द निवडताना थर्मामीटरपेक्षा अंगाला काय वाटतंय याकडे बघा. हवाहवासा गारवा असेल तर ‘कूल’. अंगावर शहारा येऊन काहीतरी पांघरावंसं वाटलं की ‘चिली’ (मिरचीवाल्या चिलीचा उच्चार हाच, स्पेलिंग वेगळं). त्यापुढची सरळसोट थंडी ‘कोल्ड’, आणि दात वाजायला लागले की ‘फ्रीझिंग’. पाणी 0 अंश सेल्सिअसला गोठतं, पण बोलताना 10 अंशांनाही लोक बिनदिक्कत ‘इट्स फ्रीझिंग’ म्हणतात. तेवढी अतिशयोक्ती चालते. ‘व्हेरी फ्रीझिंग’ मात्र कानाला खटकतं, कारण ‘खूप’ त्यात आधीच आलेलं आहे; जोर द्यायचाच असेल तर ‘ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग’ म्हणा.

खरी गडबड माणसांबद्दल बोलताना होते. ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजतेय, तर ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झालीय. दुसऱ्या कुणाबद्दल ‘ही इज कोल्ड’ म्हटलं तर तो माणूस तुटक वागतो, असाही अर्थ निघू शकतो. तिथे ‘ही इज फीलिंग कोल्ड’ बरं. आणि ‘आय ॲम कूल’चा तर हवेशी बहुधा काही संबंधच नसतो!

फ्रिजमध्ये गार केलेलं पेय ‘चिल्ड’, गोठवलेलं अन्न ‘फ्रोझन’. औपचारिक लिखाणात हवा ‘कोल्ड’ लिहा, तापमान मात्र ‘लो’.