तिकिटावर वडिलांचं नाव कुठे लिहायचं?

विमान तिकिटाच्या फॉर्मात बहुधा ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’ अशा दोनच चौकटी. आपल्याकडे मात्र स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी वरातच. गोंधळ झाला तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी ४४-४४ खुणांच्या दोन ओळी असतात, त्यांतली वरची वाचा. देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव, मग दोन बाण, मग उरलेलं नाव. बाणांनंतरचं सगळं ‘फर्स्ट नेम’मध्ये टाका, वडिलांच्या नावासकट. ‘मिडल नेम’ची वेगळी चौकट असेल तर वडिलांचं नाव तिथे.

काही तमिळ कुटुंबांसारखं पासपोर्टवर आडनावच नसेल, तर अमेरिकेच्या व्हिसा फॉर्मात पूर्ण नाव ‘सरनेम’मध्ये जातं आणि ‘गिव्हन नेम’मध्ये ‘एफएनयू’ (FNU, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’, पहिलं नाव माहीत नाही) लिहितात. विचित्र दिसतं खरं, पण तिथली रीत तशीच आहे.