जुनी मानदुखी आणि नुसता शेक: या चुका टाळा

"मॅडम, तेवढा शेक द्या, व्यायाम मी घरी करते." फिजिओथेरपिस्ट म्हणून हे वाक्य मी रोज ऐकते. शेकाने, मुंग्या आणणाऱ्या त्या मशीनने बरं वाटतं, खोटं नाही. पण तेवढ्यापुरतंच. तीन महिन्यांहून जुनी मानदुखी मुख्यतः व्यायामाने हटते, आणि आपलं दुखणं काय आहे हे कळलं तरच व्यायाम टिकतो. समजावून घ्यायची पाच मिनिटं मात्र कुणालाच नको असतात. पेशंटला बस गाठायची असते, आम्हालाही दाराबाहेरची रांग दिसत असते.

सगळ्यात महागात पडतं ते रिपोर्टला घाबरणं. "मणक्यात गॅप आहे", "हाड वाढलंय" असं कुणीतरी घाईत बोलून जातं आणि माणूस मान वळवणंच सोडतो. मागून कुणी हाक मारली तरी अख्ख्या अंगानिशी फिरतो. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या 1211 जणांचे एमआरआय काढले होते. 2015 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात जवळपास 88 टक्के लोकांची मणक्यांमधली गादी फुगलेली निघाली. म्हणजे गादी फुगली की मान दुखतेच, असं नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, "यातलं वयामुळे किती, आणि माझ्या दुखण्याशी जुळणारं काय?"

याच भीतीपोटी पट्टा महिनोन्महिने गळ्यात राहतो. त्याने स्नायू आणखी ढिले पडतात. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस घाला.

व्यायामानंतर थोडं ठणकलं की बरेच जण सगळंच बंद करतात. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं पूर्वीइतकंच झालं, तर चालू ठेवा. नाही झालं तर निम्म्यावर या आणि पुढच्या भेटीत सांगा.

आता हनुवटीचा व्यायाम. "कळलं का?" विचारलं की सगळे मान डोलावतात. "करून दाखवा" म्हटलं की हनुवटी छातीला टेकते! तसं नाही. नजर समोर, हनुवटी सरळ मागे. लसणाची चटणी खाऊन आलेला माणूस अगदी तोंडाशी येऊन बोलायला लागला की आपण डोकं जसं मागे घेतो, तसं. पाच सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. दुखेल इतका जोर नको. बरोबर जमलं की तिथेच मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या. आम्ही दिलेला कागद एक्स-रेच्या पाकिटात घडी घालून ठेवलेला असतो, पुढच्या भेटीला तो तसाच कोरा करकरीत बाहेर येतो.

उशी अजिबात बंद करू नका. कुशीवर झोपत असाल तर खांद्याची उंची भरून काढेल एवढी उशी हवीच, नाहीतर मान रात्रभर एका बाजूला कललेली राहते.

आणि सलूनमध्ये मालिश झाल्यावर मान कडकन मोडून घेणं: नको म्हणजे नकोच. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत.

शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, हातातली ताकद गेली, चालताना तोल जातोय, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय, सोबत ताप आहे किंवा मार लागल्यावर दुखणं सुरू झालंय, तर शेकही नको आणि व्यायामही नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.