परदेशातून पैसे मागवताना कोणता कोड द्यायचा?

मुलगा दुबईहून किंवा क्लायंट जर्मनीहून पैसे पाठवणार असेल, तर पासबुकावरचा आयएफएससी कोड कळवून भागत नाही. तो देशांतर्गत एनईएफटी-आरटीजीएससाठी. परदेशी बँकेला लागतो स्विफ्ट कोड, त्यालाच बीआयसी असंही म्हणतात.

गोंधळ होतो कारण आयएफएससी 11 अक्षरी आणि स्विफ्टही 8 किंवा 11 अक्षरी. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाचवी जागा. तिथे शून्य असेल तर आयएफएससी. स्विफ्टमध्ये पाचवं-सहावं अक्षर देशाचं असतं, भारतासाठी ‘आय’ आणि ‘एन’. पहिली चार अक्षरं बँकेची, सातवं-आठवं ठिकाणाचं, शेवटची तीन असलीच तर शाखेची. तिथे तीन ‘एक्स’ दिसले तर तो मुख्य कार्यालयाचा कोड.

तालुक्याच्या शाखेला बहुधा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतोच. मग परकीय चलनाचं काम पाहणाऱ्या शाखेचा किंवा मुख्य कार्यालयाचा कोड चालतो. सोबत पूर्ण खाते क्रमांक आणि आपल्या शाखेचा आयएफएससी द्यावा. कोड गुगलवरून उचलू नका, बँकेकडूनच घ्या. काही सहकारी बँकांचे पैसे दुसऱ्या बँकेमार्फत येतात, तेव्हा त्या मधल्या बँकेचा तपशीलही मागून घ्या.

युरोपातला माणूस आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक, मागेल. भारतात तो वापरात नाही, असं सरळ सांगा.

शुल्क कोण भरणार हेही आधीच ठरवा. नाहीतर मधल्या बँका आपलं कापून घेतात आणि हातात कमी रक्कम पडते.