ग्रीसची जुनी ओव्हरप्रिंट तिकिटं ओळखताना या चुका टाळा

माझ्याकडे एक तिकीट आहे, ते तीनदा जागा बदलून योग्य पानावर पोचलं. त्यावर राजकन्येसारखी कुणी नाही, नट नाही, रेल्वे इंजिन नाही. नुसतं एका देवाचं डोकं आणि त्यावर आडवेतिडवे दोन परके शब्द. आधी ते क्रीट बेटाच्या पानावर गेलं, मग "अनोळखी" या पाकिटात आणि शेवटी ग्रीसमध्ये. एका प्रदर्शनात "ग्रीस, मिश्र, १०० नग" असं पाकीट घेतलं की निम्म्या तिकिटांची गत हीच होते, कारण आपण सगळे सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतो. ओव्हरप्रिंट, म्हणजे तयार तिकिटावर नंतर मारलेला छापा, डोळ्यांत भरतो म्हणून आधी तोच वाचायला बसतो. खरं तर आधी खालचं मूळ तिकीट, मग टपालाचा शिक्का आणि सगळ्यात शेवटी ओव्हरप्रिंट, हा क्रम पाळला तर बहुतेक गोंधळ होतच नाही.

अक्षरं ओळखीची वाटतात, तिथेच फसतो

ग्रीक लिपी अर्धी इंग्रजीसारखी दिसते आणि त्यातच घात होतो. देशाचं नाव "एलास". त्यातला "ल" उलट्या व्हीसारखा दिसतो, म्हणून नवखा माणूस त्याला आडवी रेघ राहून गेलेला ए समजतो. शेवटचा "स" इंग्रजी ईसारखा दिसतो. इंग्रजी पी दिसला की तो "र", एच दिसला की "ई", एक्स दिसला की "ख". त्रिकोण म्हणजे "द", दरवाज्याची चौकट म्हणजे "प". एवढी सहा-सात अक्षरं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एका दिवसात "लेप्ता" आणि "द्राख्मी" (द्राख्मा) ही ग्रीसच्या जुन्या नाण्यांची नावं वाचता येतात आणि किमतीचे छापे सुटतात.

आणखी एक. १८६१ पासूनच्या, हर्मीस या ग्रीक देवाच्या डोक्याच्या तिकिटांवर "एलास" नसतंच. तिथे "एल. ग्राम." असं लिहिलेलं असतं. "एलास नाही म्हणजे ग्रीस नाही" असं म्हणून ही तिकिटं बाजूला टाकणारे मी स्वतः पाहिले आहेत.

तिकीट एका देशाचं, छापा दुसऱ्याचा

१९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत ग्रीक सैन्य एकेक प्रदेश घेत गेलं आणि मिळेल त्या तिकिटावर छापा मारत गेलं. लेस्बोस बेटावर हाती लागली तुर्की तिकिटं, त्यांवर "मितिलिनीचा ग्रीक ताबा" असा छापा आहे (मितिलिनी हे तिथलं मुख्य शहर). कावाला शहरात बल्गेरियाची तिकिटं होती, त्यांवर "एलिनिकी दिइकिसिस" म्हणजे ग्रीक प्रशासन आणि लेप्तांची नवी किंमत. तिकिटावर बल्गेरियाचा राजा दिसला म्हणून ते बल्गेरियात लावू नका. लिम्नोस बेटाला मात्र ग्रीसचीच तिकिटं, वर फक्त बेटाचं नाव.

क्रीटच्या तिकिटांनी मला सर्वांत जास्त छळलं. १९०० साली क्रीटने आपल्याच तिकिटांवर "प्रोसोरिनोन", म्हणजे तात्पुरतं, असं छापलं. १९०८ मध्ये ग्रीसशी एकीकरण जाहीर केल्यावर त्याच बेटाच्या तिकिटांवर "एलास" आलं. ही दोन्ही क्रीटमध्येच लावायची. पण क्रीटची उरलेली जुनी तिकिटं पुढे अथेन्सने वापरून संपवली, त्यांवर "एपानास्तासिस १९२२" असं आणि नवी किंमत असते. ती ग्रीसमध्ये जातात. खाली "क्रिती" लिहिलेलं, वर क्रांतीचा छापा. माझं तीनदा हललेलं तिकीट हेच.

छाप्यातलं साल म्हणजे तिकिटाचं साल नव्हे

एपानास्तासिस म्हणजे क्रांती, उठाव. आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या पराभवानंतर सप्टेंबर १९२२ मध्ये सैन्याने उठाव केला, राजा कॉन्स्टंटाइन पायउतार झाला आणि नव्या सरकारने गोदामातला जुना माल छापे मारून बाहेर काढला. पण तो बाहेर आला १९२३ मध्ये. मूळ तिकिटांत निरनिराळ्या वर्षांची सगळी खिचडी आहे. म्हणून या छाप्याचं तिकीट हाती आलं की पहिला प्रश्न, खाली कोणतं आहे? उलटे आणि दुहेरी छापे इथे भरपूर मिळतात, तेव्हा "उलटा छापा, दुर्मीळ" म्हणून कुणी पाचशेला तिकीट पुढे केलं तर हात खिशातच राहू द्या.

तसंच "३ नोव्हेंबर १९३५" आणि वर मुकुट असलेल्या छाप्याचं. राजेशाही परत आणणाऱ्या सार्वमताची ती तारीख आहे.

मुकुट आणि दोन अक्षरं

मुकुटाखाली "ई" आणि "टी" ही जोडी दोन ठिकाणी भेटते आणि दोन्ही वेळा गोंधळ घालते. १९०१ च्या हर्मीसच्या तिकिटांत ती कागदातलं, उजेडात धरल्यावर दिसणारं जलचिन्ह म्हणून आहे, १९१६ मध्ये अथेन्सच्या राजपक्षीय सरकारने तोच आकार तिकिटांवर शाईने छापला. अनेकजण या छाप्याला कुठल्या तरी संस्थेचा शिक्का समजून तिकीट खराब म्हणून विकून टाकतात. त्याच काळात राजाच्या विरोधातल्या व्हेनिझेलोसचं सरकार थेस्सालोनिकी शहरात होतं. त्यांची १९१७ ची, आयरिस या ग्रीक देवीची तिकिटं "प्रोसोरिनी कीवेर्निसिस", म्हणजे हंगामी सरकार, या नावाची आहेत. पण ते नाव मूळ चित्रातच छापलेलं आहे, ओव्हरप्रिंट नाही. "हंगामी" शब्द वाचला की छापा शोधत बसू नका.

"एएम" वाचून सकाळची डाक समजणारे भेटतात. १९०० च्या हर्मीसवर आणि १८९६ च्या ऑलिंपिक तिकिटांवर मारलेली ही दोन अक्षरं "अक्सिया मेतालिकी", म्हणजे धातूच्या मोलाची किंमत. कागदी द्राख्माचा भाव घसरलेला असल्याने परदेशी व्यवहारासाठी सोन्याच्या हिशेबाने भरायची तिकिटं ती. ऑलिंपिकच्या तिकिटावर किंमत बदललेली दिसली, १ द्राख्मावर ५ लेप्ता, तर ती चूक नाही, तसंच आहे ते.

एकच मजकूर, अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने

"एलिनिकी दिइकिसिस" हा छापा १९४० मध्ये परत आला, ग्रीक सैन्य अल्बेनियात घुसलं तेव्हा. तेव्हाही हेच दोन शब्द! पण खालचं तिकीट १९३७ च्या इतिहासचित्रांच्या मालिकेतलं असतं, १९१२ च्या वेळी, कावाला सोडून, खाली ग्रीसचेच हर्मीस आणि आयरिस होते. म्हणूनच म्हणतो, आधी खाली बघा. १९१२ चं असेल तर पुढचं पाऊल भिंगाने टाका: रेघा उठावदार, बोटाला किंचित खरखरीत लागणाऱ्या असल्या तर कोरीव छपाई, सपाट असल्या तर लिथो, म्हणजे शिळाछाप. छापा काळा की लाल, खालून वर वाचायचा की वरून खाली, यावर कॅटलॉगातला क्रमांक आणि भाव बदलतो.

शिक्का बघताना पंचांग विसरू नका

हे मला फार उशिरा कळलं. ग्रीसने १९२३ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग वापरलं. १५ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च १९२३ उजाडला. म्हणून त्याआधीच्या विसाव्या शतकातल्या शिक्क्यांवरच्या तारखा आपल्या पंचांगाच्या तेरा दिवस मागे असतात. थेस्सालोनिकी ग्रीकांनी घेतलं ते त्यांच्या तारखेने २६ ऑक्टोबर १९१२, आपल्या हिशेबाने ८ नोव्हेंबर. तारीख युद्धाआधीची दिसते म्हणून खरं तिकीट नकली ठरवण्याआधी तेरा मिळवून बघा.

नकली ओळखण्याची खात्रीची खूण मात्र शिक्क्यातच आहे. खऱ्या वापरलेल्या तिकिटावर आधी छापा, मग शिक्का. दोन शाया जिथे एकमेकींवरून जातात तिथे दहापट भिंग लावा. लाल छाप्यावरून काळी रेघ न तुटता गेली तर ठीक. छाप्याची शाई शिक्क्यावर चढलेली दिसली तर कुणीतरी स्वस्त वापरलेलं तिकीट घेऊन घरी छापलेलं आहे. काळ्यावर काळं असेल तर तिरक्या उजेडात चकाकी बघा, दोन्ही शाया सारख्या चमकत नाहीत. शिक्क्यातल्या गावाचं नावही वाचा. अथेन्सचा शिक्का आणि लिम्नोसचा छापा अशी जोडी दिसली तर खोदून चौकशी करा.

एखादं अक्षर तुटलेलं, एखाद्या शब्दातलं अंतर थोडं कमी, असं दिसलं की "नवा प्रकार सापडला" म्हणून उड्या मारू नका. खिळे जुळवून केलेल्या छापणीत असं झिजलेलं अक्षर एखाद्या जागी असणारच. आपल्याकडे १९७१ च्या निर्वासित निधीसाठी पाच पैशांच्या तिकिटांवर गावोगावी मारलेले रबरी शिक्के ज्यांनी जमवलेत त्यांना हे सांगायला नको.

आणि १९४४. नोव्हेंबरमध्ये नवं चलन आलं तेव्हा ५० अब्ज जुन्या द्राख्मांना एक नवी मिळाली. त्या सुमाराच्या तिकिटांवर "द्राख्मे नेए", म्हणजे नव्या द्राख्मा, असा छापा असतो. मूळ आकड्यात आणि छाप्याच्या आकड्यात काही ताळमेळ शोधू नका. तो त्या वर्षी ग्रीकांनाही सापडला नव्हता.